‘तांत्रिक अडचण’ म्हणजे नेमकी कुठली?

‘तांत्रिक अडचणीमुळे निकाल लांबला आहे.’ ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ‘तुमचं नाव सिस्टिम घेत नाही.’ ही तीन वाक्यं कधीच ऐकली नाहीत असा विद्यार्थी आज शोधूनही सापडायचा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, बँकेचा काउंटर असो की रेशनचं दुकान, यातलं एक वाक्य कानावर पडलं की आपण मान हलवतो आणि परत फिरतो. पाऊस आला तर जाब कोणाला विचारायचा, तसंच काहीसं आपण हेही मानून घेतलं आहे.

पण सॉफ्टवेअर पावसासारखं आभाळातून पडत नाही. ते कोणीतरी मागितलेलं असतं, कोणीतरी लिहिलेलं असतं, कोणीतरी बसवलेलं असतं आणि त्यात कोणीतरी माहिती भरलेली असते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर चूक शिरू शकते. संगणक शिकणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना मात्र चूक ठेवायला दोनच खण दाखवले जातात: रचना चुकली, म्हणजे डिझाइन, किंवा लिहिताना चुकलं, म्हणजे कोड. या दोन्हींत न बसणारं सगळं ‘तांत्रिक अडचण’ किंवा ‘वापरणाऱ्याची चूक’ या गाठोड्यात टाकून दिलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यात जास्त माणसांना त्रास देणाऱ्या चुका याच गाठोड्यात असतात. त्यांना नीट नावं दिली नाहीत तर त्या दुरुस्त होत नाहीत, फक्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातात.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, आपल्या कामरेजच्या एखाद्या एम्ब्रॉयडरी युनिटमध्ये पगाराचं सॉफ्टवेअर आहे. साडीवर मशीनचं भरतकाम होतं आणि कारागिराला हजार टाक्यांमागे दर मिळतो. महिन्याच्या शेवटी एका कारागिराच्या हातात दोन हजार रुपये कमी आले. चूक कुठे झाली असेल?

सूत्रातला गुणाकार चुकला असेल, तर ती कोडमधली चूक. एक कारागीर दोन मशीन सांभाळतो हे रचनेतच धरलं नसेल, तर ती डिझाइनमधली चूक. इथपर्यंत आपल्याला शिकवलेलं आहे. आता पुढे पाहा. रात्रपाळीचा दर वेगळा असतो हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कोणी सांगितलंच नसेल, कारण तो फक्त शेठच्या केबिनमध्ये बसून माहिती घेऊन गेला आणि कारागिरांशी बोललाच नाही. ही मागणीतली चूक. दर भरताना कोणीतरी 53 च्या जागी 35 टाइप केलं असेल, किंवा एकाच नावाचे दोन पाटील असल्यामुळे एकाचे टाके दुसऱ्याच्या नावावर चढले असतील. ही माहितीतली, म्हणजे डेटातली चूक. नवी आवृत्ती ऑफिसच्या संगणकावर बसवली, पण गोदामातल्या संगणकावर जुनीच राहिली असेल. ही बसवण्यातली चूक. ‘सेव्ह’ केल्यानंतर आणखी एक बटण दाबायचं असतं हे मेहताजींना कोणी शिकवलंच नसेल. ही शिकवण्यातली आणि माहितीपुस्तिकेतली चूक. एक तारखेपासून दर बदलले आणि कालपर्यंत बरोबर असलेलं सॉफ्टवेअर आज चुकीचं झालं असेल. ही बाहेरचं जग बदलल्यामुळे आलेली चूक. आणि गेल्या महिन्यातली एक चूक दुरुस्त करताना ही नवी चूक घुसली असेल, तर ती दुरुस्तीतली चूक.

लक्षण एकच, पगार कमी आला. कारणं मात्र आठ, आणि आठांचे उपाय आठ. रात्रपाळीचा दर विचारायलाच विसरलेल्या माणसानं कोड दहादा तपासलं तरी काय सापडणार? कोड तर बरोबरच आहे! कारागिराला उत्तर मिळतं, ‘कम्प्युटरनं काढलंय, चूक कशी असेल?’ त्याचे दोन हजार तेवढे गेलेले असतात.

हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. या क्षेत्रातल्या लोकांना तो जुना आहे. आपल्या अभ्यासक्रमात तो एका परिच्छेदापुरता येतो आणि निघून जातो, एवढंच. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1980 च्या दशकात चुका नोंदवायची एक पद्धत बसवली गेली. तिथं प्रत्येक चुकीबद्दल तीन गोष्टी लिहायच्या असत: ती कुठून आली, कुठल्या जातीची आहे, आणि तिचं स्वरूप काय. ‘कुठून आली’ याच्या यादीत रचना आणि कोड होतेच, पण त्यांच्याबरोबर मागण्या, भोवतालची साधनं आणि दस्तऐवज यांनाही जागा होती. ‘स्वरूप’ या रकान्यात तर फार सुंदर भेद होते. एखादी गोष्ट चुकीची आहे, की मुळात नाहीच, की आहे पण अस्पष्ट आहे, की मध्येच बदलली? मराठी शिकणाऱ्याला यातली गंमत लगेच कळेल. ‘चुकीचं लिहिलं’ आणि ‘लिहिलंच नाही’ हे दोन वेगळे गुन्हे आहेत.

1992 साली आयबीएममधले राम चिल्लरेगे आणि त्यांचे सहकारी यांनी चुकांच्या वर्गीकरणाची एक पद्धत मांडली. तिच्यात चुकांचे आठ प्रकार होते. त्यात दोन भागांच्या सांध्यातली चूक होती, वेळेच्या ताळमेळाची चूक होती, तयार भाग एकत्र बांधताना झालेली चूक होती आणि दस्तऐवजातली चूकही होती. चिल्लरेगे यांचा मुद्दा साधा पण खोल होता. चूक दुरुस्त करणाऱ्यानं फक्त एवढंच नोंदवायचं, की मी नेमकं काय बदललं. अशा शेकडो नोंदी एकत्र केल्या की आकृतिबंध दिसायला लागतो. एकाच प्रकारच्या चुका उशिरापर्यंत सापडत राहिल्या, तर त्याआधीचा कुठला टप्पा नीट झाला नाही ते कळतं. डॉक्टर एका तापावरून साथ ओळखत नाही, गावभरच्या तापांच्या नोंदीवरून ओळखतो, तसंच हे.

आकडाच हवा असेल तर केपर्स जोन्स या अमेरिकन अभ्यासकाचा घ्या. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यासाठी किती काम करतं, हे मोजायचं एक माप आहे. त्याला फंक्शन पॉइंट म्हणतात. जोन्स यांनी अमेरिकेतल्या प्रकल्पांची जी सरासरी दिली, तिच्यानुसार एका फंक्शन पॉइंटमागे पाच चुका जन्माला येतात. त्यातल्या 1.75 कोडमधल्या, 1.25 रचनेतल्या, 1.00 मागण्यांमधली, 0.60 दस्तऐवजातल्या आणि 0.40 वाईट दुरुस्तीतून आलेल्या. बेरीज करून पाहा. पाचांपैकी तीन चुका आपल्या ओळखीच्या दोन खणांत बसतात. उरलेल्या दोन बाहेर राहतात. आणि या हिशेबात भरलेली माहिती, बसवणं, शिकवणं हे धरलेलंही नाही.

आता आपल्याला जवळचं, आणि विद्यार्थी म्हणून झोंबणारं उदाहरण. मुंबई विद्यापीठ, 2017. त्या वर्षी विद्यापीठानं सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिका कोणाची ते तपासणाऱ्याला कळत नाही, गुणांची बेरीज आपोआप होते, गठ्ठे या गावाहून त्या गावाला न्यावे लागत नाहीत. पण उत्तरपत्रिका सतरा लाखांहून जास्त होत्या, परीक्षा 477 होत्या, आणि काम करणाऱ्या कंपनीची नेमणूक झाली एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे परीक्षा सुरू होऊन गेल्यानंतर. महाराष्ट्राचा विद्यापीठ कायदा सांगतो की निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागले पाहिजेत. तेव्हाचे कुलपती, राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही हुकली. प्राध्यापकांना तपासणीसाठी मोकळं करायला जुलैत काही दिवस तास बंद ठेवावे लागले. राज्यातल्या इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात. परीक्षा दिलेल्या काहींना गैरहजर दाखवलं गेलं. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश, परदेशातल्या विद्यापीठांच्या तारखा, नोकरीच्या अटी यांच्यापुढे ते विद्यार्थी रिकाम्या हातानं उभे राहिले. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

त्या दिवसांतही ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द सगळीकडे होते. पण आता ते आठ खण समोर ठेवा आणि एकेक गोष्ट उचलून पाहा. परीक्षा सुरू झाल्यावर कंपनी नेमणं ही कोडमधली चूक आहे का? नाही, तो निर्णयाचा आणि वेळापत्रकाचा दोष आहे. पुरेशी चाचणी न करता सगळ्या शाखा एकदम घेणं हा चाचणीचा दोष. प्राध्यापकांना पडद्यावर तपासायचा सराव पुरेसा न मिळणं हा शिकवण्याचा दोष. उत्तरपत्रिका आणि विद्यार्थी यांची गाठ सुटणं, म्हणजे हा कागद कोणाचा हेच न कळणं, हा माहितीचा दोष. तो बराचसा स्कॅनिंगच्या टेबलावर जन्मतो, प्रोग्रॅमरच्या टेबलावर नाही. यात कुठे कोडमधल्या चुकाही असतील, नसतील असं मी म्हणत नाही. पण कोड अगदी निर्दोष असतं, तरी एप्रिलच्या अखेरीस हाती घेतलेलं सतरा लाख उत्तरपत्रिकांचं काम वेळेत झालं असतं का? मला वाटत नाही.

इथं एक गोष्ट मनाला लागते. कुलगुरू गेले, पण निर्णय कसा घ्यावा, चाचणी किती करावी, कधी थांबावं, हे प्रत्येक संस्थेनं शिकून ठेवायला हवं होतं. त्यासाठी चुकांची वर्गवारी करून ठेवावी लागते. माणूस बदलला की प्रश्न सुटला असं आपण मानतो. खणाला नाव नसलं की त्या खणात पुढच्या वर्षीही तीच चूक येऊन बसते.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी तिनं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. आठ सर्व्हरपैकी सातांवर ती बसली. आठव्यावर टाकायची राहिली. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना भाग तसाच पडून होता. नव्या खुणेनं तो जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. पाऊण तासात कंपनीचं सुमारे 46 कोटी डॉलरचं नुकसान झालं. विशेष म्हणजे बाजार उघडण्यापूर्वी त्या यंत्रणेनं काहीतरी बिनसल्याचे 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून ठरवलेले नव्हते, म्हणून कोणी त्यांवर हालचाल केली नाही. यात नवं कोड चुकलं नव्हतं. ते एका ठिकाणी पोचलं नव्हतं. बसवल्यावर दुसऱ्या माणसानं तपासायचं असतं, असा लेखी नियम तिथं नव्हता.

किंवा मंगळाकडे गेलेलं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर घ्या. 23 सप्टेंबर 1999 रोजी ते हरवलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटनच्या मापातले समजून घेत होती. प्रत्येक बाजूचं गणित आपापल्या घरात बरोबर. चूक सांध्यात होती. आपल्या घरांतही असं होतं. आजी शेराच्या हिशेबात सांगते, सून किलोच्या हिशेबात आणते आणि खीर बिघडते. दोष ना आजीचा, ना सुनेचा.

साहित्य मंडळाच्या अंकात हे सगळं कशाला, असं कोणाला वाटलं असेल. तर आता आपल्या अंगणात येतो. मराठीतली काही अक्षरं संगणकाच्या जगात उशिरा पोचली. ‘ॲ’ हेच अक्षर घ्या. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात ‘ॲ’ ला स्वतःचा क्रमांक मिळाला 2008 साली, 5.1 या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत. आपल्या कॉलेजात ॲग्नेस, ॲना, ॲन्थनी ही नावं काही कमी नाहीत. समजा, प्रवेशाच्या यादीत ॲग्नेसचं नाव एका पद्धतीनं टाइप झालं आणि परीक्षेच्या यादीत दुसऱ्या. दोन्ही याद्या छापून शेजारी ठेवा, तुम्हाला काडीचा फरक दिसणार नाही. संगणक मात्र सांगेल, ‘या नावाची विद्यार्थिनी नाही.’

दुसरं उदाहरण आपल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चं. आचार्यांना दक्षिणा आणि आचाऱ्यांना दक्षिणा यांत किती फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. एक गुरुजी आहेत, दुसरे स्वयंपाकी. हा अर्धा ‘र’ टाइप करायच्याही दोन रीती आहेत. एकीत नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साध्या ‘र’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही ‘कुऱ्हाडे’ एकसारखे. शोधायला जा, तर एक सापडतो, एक नाही. त्यात आपण राहतो सुरतेच्या परिसरात. उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा एक कागद धुळे-जळगावचा असतो, देवनागरीत. दुसरा इथला, गुजराती लिपीत. तिसरा इंग्रजी अक्षरांत. गुजराती लिपीत आपल्या ‘ऱ्ह’ सारखं वेगळं अक्षर नाही. म्हणजे ‘कुऱ्हाडे’ तीन लिप्यांतून फिरून आला की तीन माणसं होतो, आणि अर्ज भरणाऱ्या खिडकीवर ऐकू येतं, ‘तुमचं नाव जुळत नाही.’

ही चूक कुठल्या खणात टाकाल? दोन शब्द अक्षरशः सारखे आहेत का हे बघणारं कोड चोख काम करतं आहे. रचनाही ठीक आहे. चूक आहे ती मागणीत. तुलना करण्याआधी नावं एका रूपात आणावीत, असं कोणी लिहूनच दिलं नाही. ‘चुकीचं लिहिलं’ नव्हे, ‘लिहिलंच नाही’ अशा जातीची ही चूक. मागण्या ठरवायच्या बैठकीत मराठी नीट जाणणारं माणूस बसलेलं असतं, तर कदाचित ती तिथंच पकडली गेली असती. बोटांच्या ठशांचंही तेच. कष्टाची कामं करून हातावरच्या रेषा झिजतात, हे वराछा-कामरेजच्या हिरे घासणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. ठसा जुळला नाही तर पुढे काय करायचं, हे ज्या मागणीपत्रात लिहिलेलं नाही ते अपुरं आहे. त्यात त्या बोटांचा काय दोष?

आणि इथंच मला ‘वापरणाऱ्याची चूक’ या शब्दांची भीती वाटते. ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं 1999 पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं चालवणाऱ्यांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. उत्तर मिळालं, संगणक बरोबर आहे. पुढच्या वर्षांत नऊशेहून जास्त लोक चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाचेही कितीतरी होते. काहींची घरं गेली, काही तुरुंगात गेले. डिसेंबर 2019 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं प्रणालीत दोष असल्याचा निकाल दिला, आणि 2024 साली संसदेला खास कायदा करून शेकडो जणांच्या शिक्षा पुसाव्या लागल्या. इथं कोडमध्येही चुका होत्या हे खरं. पण ‘तूट दिसली म्हणजे माणूस चोर’ हे गृहीत कोडमध्ये नव्हतं. ते संस्थेच्या वागण्यात होतं. चुकीचं वर्गीकरण म्हणजे नुसता कागदी घोळ नसतो. त्यापायी निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की इतके खण केले की प्रोग्रॅमरला पळवाट मिळेल. तो म्हणेल, ‘माझं कोड बरोबर होतं, मागणीच चुकली.’ आक्षेप खोटा नाही. म्हणून वर्गीकरण करताना ‘कोणाची चूक’ असं न विचारता तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ही चूक कामात शिरली कधी? काही चुकीचं होतं, की काही नव्हतंच? आणि ती आणखी आधी कुठे सापडू शकली असती? तिसऱ्या प्रश्नातून कोणीच सुटत नाही. मागणी अपुरी होती हे खरं, पण ‘रात्रपाळीला दर तोच का?’ असं प्रोग्रॅमरनं एकदा तरी विचारायला हवं होतं की नको? आणि नोंदींचा वापर शिक्षा करायला होऊ लागला, तर लोक खरं लिहिणं बंद करतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरा आक्षेप वेळेचा. ‘चूक सुधारायची की रकाने भरत बसायचं?’ याला उत्तर असं, की रकाने थोडे ठेवा. पन्नास खण केले तर कोणी भरणार नाही आणि भरले तरी दोन माणसं एकच चूक दोन ठिकाणी टाकतील. मागणी, रचना, कोड, माहिती, बसवणं, शिकवणं, बदललेलं जग आणि वाईट दुरुस्ती हे आठ पुरेत. एका चुकीला दोन मिनिटं लागतात. तीच चूक पाचव्यांदा शोधायला दोन दिवस जातात.

आपल्या कॉलेजात पेरणाऱ्याचा दाखला सगळ्यांनी ऐकलेला आहे. बी एकच होतं. वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, खडकावर पडलं ते करपलं, काट्यांत पडलं ते गुदमरलं, चांगल्या जमिनीत पडलं ते पिकलं. पीक आलं नाही म्हणून बियाण्याला शिव्या देणारा शेतकरी त्या गोष्टीत नाही. दाखल्याचा मूळ अर्थ वेगळा आहे, तो इथं ओढून आणायचा नाही. पण कापणीच्या वेळी नुसतं बी न बघता जमीन, पाखरं, काटे हेही बघायचे असतात, एवढं तर त्यातून घेता येईल.

मग आपण काय करायचं? संगणक शाखेच्या मित्रांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या अहवालात एक पान जास्त घाला. प्रोजेक्ट करताना सापडलेल्या चुका या आठ खणांत मांडून दाखवा. तोंडी परीक्षेत ‘काय बनवलं’ याच्याइतकंच ‘कुठल्या खणात जास्त चुका निघाल्या आणि का’ हेही सांगता येऊ द्या. कॉलेजच्या कुठल्याही खिडकीवरून ‘तांत्रिक अडचण’ असं उत्तर मिळालं, तर नम्रपणे एक प्रश्न विचारा: ‘कुठल्या टप्प्यावरची?’ भांडण करायचं नाही. विचारायचं, आणि उत्तर लिहून ठेवायचं.

आणि आपल्या मंडळासाठी एक काम आहे, ते आपल्यावाचून दुसरं कोणी करणार नाही. मराठी नावांची आणि शब्दांची शंभरेक नगांची एक यादी तयार करू या, ज्यांच्यावर एखादं सॉफ्टवेअर अडखळतं का ते तपासता येईल. ॲग्नेस आणि ॲन्थनी, कुऱ्हाडे आणि गोऱ्हे, आचार्य आणि आचारी, वऱ्हाड आणि बिऱ्हाड, ज्ञानेश्वर, ऋतुजा, ‘ळ’ असलेली आडनावं. प्रत्येकापुढे लिहायचं, ते किती पद्धतींनी टाइप होतं आणि गुजराती व इंग्रजी अक्षरांत त्याची किती रूपं फिरतात. व्याकरणाच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एका टेबलावर बसून महिनाभरात होईल असं हे काम आहे. मग ती यादी कोणीही मागितली तर देऊ: कॉलेजचं कार्यालय, एखादी पतपेढी, एखादा सॉफ्टवेअरवाला. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असं मी मंडळाच्या सचिवांना सुचवतो. पहिली दहा नावं माझ्याकडून.